रान ज्याचं त्याचं, पाइपलाइन सगळ्यांची

नमस्कार मंडळी, आज जरा लांबचं बोलायचंय, युरोपच्या विजेचं. पण लगेच रेडिओ बंद करू नका, शेवटी आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत येतोच मी.

तर युरोपियन युनियनमध्ये 27 देश, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलंय की 1990 च्या मानानं 2030 पर्यंत हवा तापवणारे गॅस किमान 55 टक्क्यांनी कमी करायचे. आणि त्याच युनियनचा जो लिस्बन करार आहे, 2009 पासून लागू झालेला, त्यात कलम 194 मध्ये लिहून ठेवलंय की वीज कशापासून काढायची हे ज्याच्या त्याच्या हातात. मग काय, फ्रान्सची साधारण दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतनं येते, शेजारच्या जर्मनीनं 15 एप्रिल 2023 ला आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्यांना कुलूप लावलं, आणि पोलंड अजून निम्म्याच्या आसपास वीज कोळशावरच काढतोय.

आपल्याकडं उपसा जलसिंचन संस्था असतात बघा, नदीवरची मोटर सगळ्यांची, पाइपलाइन सगळ्यांची, पण रानात काय लावायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आता वरच्या सगळ्यांनी ऊसच लावला तर टेलच्या माणसाला पाणी मिळतंय होय? तसंच चाललंय तिकडं.

नॉर्वेचंच घ्या. तो तर युनियनमध्येपण नाही, नुसता बाजाराच्या करारानं जोडलेला. त्यांची जवळपास सगळी वीज धरणांवरची. 2021 मध्ये समुद्राखालनं जर्मनीपर्यंत 1400 मेगावॉटची केबल सुरू झाली, त्याच वर्षी ब्रिटनकडं तेवढीच दुसरी, आणि नेमका त्याच सुमाराला युरोपात गॅस महागला, मग दक्षिण नॉर्वेतली बिलं अशी भडकली की लोक म्हणायला लागले धरण आमचं, पाऊस आमचा, मग भाव जर्मनीचा का? शेवटी जानेवारी 2025 मध्ये तिथली सेंटर पार्टी युनियनचे वीजनियम नकोत म्हणून सरकारातनंच बाहेर पडली. स्वीडननं तर त्याच्या आधीच, जून 2024 मध्ये, जर्मनीला जाणाऱ्या नव्या केबलला नाही म्हणून सांगितलं, आधी तुमचा वीजबाजार नीट करा म्हणाले.

मला स्वतःला केबल तोडायची भाषा पटत नाही. पाऊस कमी झाला की हाच नॉर्वे त्याच केबलनं बाहेरची वीज आणतो. पण बिल भरणाऱ्याचा राग खोटा आहे असंपण नाही, आणि ब्रुसेल्समधल्या युनियनच्या साहेब लोकांना तो उशिरा कळतो.

आता पोलंडमधलं तुरूव घ्या. पोलंड, चेक आणि जर्मनी, तिघांच्या हद्दीला टेकलेली लिग्नाइट, म्हणजे हलक्या कोळशाची उघडी खाण, शेजारीच वीजकेंद्र. खाण खोल जाईल तसं जमिनीतलं पाणी तिकडं उतरतं, आणि पलीकडं चेक हद्दीतल्या गावातल्या विहिरी आटायला लागल्या. पोलंड म्हणतोय आमचा कोळसा, आमची मर्जी. 2021 मध्ये चेक थेट युरोपच्या कोर्टात गेला, कोर्टानं खाण थांबवा म्हणून सांगितलं, पोलंडनं ऐकलं नाही, मग सप्टेंबरपासून दिवसाला 5 लाख युरो दंड! फेब्रुवारी 2022 मध्ये तडजोड झाली, पोलंडकडनं साडेचार कोटी युरो आणि पाणी अडवायला जमिनीखाली भिंत. खाण मात्र चालूच. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 524 मीटर करायची बातमी आली की पुराच्या भीतीनं शिरोळ तालुक्यात काय वातावरण होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझं मत विचाराल तर इंधन ज्याचं त्यानं निवडावं, ते कोण सोडणारपण नाही, पण धुराचा भाव सगळ्यांना एकच पाहिजे. युरोपनं हे 2005 पासून केलंय, कारखान्यानं जेवढा कार्बन सोडला तेवढे परवाने जमा करायचे, ते बाजारात विकत मिळतात, मग तुम्ही कोळसा जाळा नाहीतर गॅस. पोलंडनं कितीही आरडाओरडा केला तरी कोळशाची वीज त्यामुळंच महाग पडायला लागली.

आणि हाच भाव आता आपल्या दारात आलाय. 1 जानेवारी 2026 पासून बाहेरनं युरोपात जाणाऱ्या लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत असल्या मालावर कार्बनचा हिशोब लागू झालाय, सर्टिफिकेटं फेब्रुवारी 2027 पासून विकायला निघणार. पैसे भरणार तिकडचा आयात करणारा, पण तो कार्बनच्या हिशोबाचे कागद मागणार तुमच्याकडं, आणि भाव पाडून मागणार तोपण तुमच्याकडंच. वर्षाला 50 टनांपर्यंत आणणाऱ्याला सूट आहे. आपली सगळी कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, यात येत नाहीत, पाइप फिटिंग येतात, तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीवाल्यांनी आधी आपला कस्टमचा कोड तपासून घ्या.

यात एक गंमत आहे. लोखंड-पोलादात सध्या भट्टीतला थेट धूर आणि आत घातलेल्या कच्च्या लोखंडाचा धूर मोजतात, वीज कुठल्या कोळशावर तयार झाली ते धरत नाहीत. म्हणजे कोकवर क्युपोला भट्टी चालवणाऱ्यानं आजपासूनच कोकची वही नीट लिहायला घ्यावी, आणि विजेवरच्या इंडक्शन फर्नेसवाल्याला भट्टीचं टेन्शन सध्यातरी कमी, पण आत घातलेल्या कच्च्या लोखंडाचा हिशोब त्यानंपण ठेवावा.