जेफरसन, सॅली आणि सव्वाशे वर्षं न ऐकलेली साक्ष

(दृश्य: टेकडीवरचं घर, पांढरे खांब, वर घुमट)

हे घर तुम्ही पाहिलेलं असण्याची शक्यता आहे. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं हातात आलं असेल तर एका बाजूला थॉमस जेफरसनचा चेहरा असतो आणि उलट्या बाजूला हे घर, माँटिचेलो. १९३८ पासून आहे नाण्यावर. व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल गावाजवळ आहे हे, स्वतः जेफरसनने डिझाइन केलेलं, आयुष्यभर पाडत-बांधत राहिला तो ते.

पण आपल्याला समोरच्या खांबांकडे जायचं नाहीये, बाजूने खाली जायचंय. घराच्या दक्षिणेला टेकडीच्या पोटात खोल्यांची एक ओळ आहे, वरून चटकन दिसत पण नाही. तिथे घरात राबणारे गुलाम राहायचे. त्यातल्या एका खोलीत १९४१ साली पर्यटकांसाठी टॉयलेट बांधलं गेलं. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं लोक वरचं घर बघून यायचे आणि इथे जायचे. मग २०१७ च्या सुमारास ते टॉयलेट काढलं, खाली खोदलं, तर जुनी विटांची जमीन लागली, शेकोटीची जागा लागली. अभ्यासकांचा अंदाज असा की सॅली हेमिंग्ज इथे राहायची.

सॅली कोण, हे सांगायच्या आधी जेफरसन कोण ते थोडक्यात. १७७६ चा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याने लिहिला, वय फक्त ३३. सगळी माणसं जन्मतः समान आहेत हे वाक्य त्याचं. पुढे देशाचा तिसरा राष्ट्राध्यक्ष झाला. गेला तोही ४ जुलैला, १८२६ साली, म्हणजे जाहीरनाम्याला बरोब्बर ५० वर्षं झाली त्या दिवशी. लोकांनी त्याला देव्हाऱ्यात बसवलं यात नवल काहीच नाही. आणि याच माणसाच्या मालकीची आयुष्यभरात ६०० च्या वर माणसं होती. मालकीची म्हणजे शब्दशः, गाय-बैल असतात तशी, विकता येणारी, गहाण टाकता येणारी, मुलीच्या लग्नात देता येणारी.

सॅली त्यातलीच एक. जन्म १७७३. तिची आई एलिझाबेथ हेमिंग्ज ही गुलाम, आणि बाप जॉन वेल्स, म्हणजे जेफरसनचा सासरा. परत ऐका हे, कारण पहिल्यांदा ऐकताना डोक्यात बसत नाही. सॅली ही जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण होती. सासरा वारल्यावर त्याची जमीन, कर्ज आणि माणसं असं सगळं जेफरसनच्या घरात आलं, त्यात ही तान्ही मुलगी पण आली. सख्ख्या बापाची मुलगी असून ती वारसात धरली गेली नाही, वारशातल्या मालात धरली गेली.

१७८२ मध्ये जेफरसनची बायको गेली. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. दोन वर्षांनी तो सरकारी कामावर पॅरिसला गेला आणि १७८७ मध्ये त्याने धाकट्या मुलीला, आठ वर्षांच्या पॉलीला, तिकडे बोलावून घेतलं. समुद्राचा प्रवास, सोबत कोणीतरी हवं, म्हणून सॅलीला पाठवलं. जहाज आधी लंडनला लागलं, तिथे अमेरिकेच्या तिथल्या राजदूताची बायको ॲबिगेल ॲडम्स हिने या दोघींना उतरवून घेतलं आणि जेफरसनला पत्रात लिहिलं की सोबत आलेल्या मुलीलाच या छोट्या पोरीपेक्षा जास्त सांभाळावं लागेल. तिला वाटलं सॅली पंधरा-सोळाची असेल. सॅली १४ ची होती. जेफरसन ४४ चा.

पॅरिसमध्ये नेमकं काय घडलं हे आपल्याला सॅलीच्या तोंडून कधीच कळणार नाही, तिने लिहिलेली एक ओळ शिल्लक नाही, तिचं चित्रही नाही. पण तिच्या मुलाने सांगितलंय, मॅडिसन हेमिंग्जने. तो म्हणतो की पॅरिसमध्येच जेफरसनने आईला आपली रखेल केलं, आणि परत निघायची वेळ आली तेव्हा तिला दिवस गेले होते. फ्रान्समध्ये तिला कोर्टात जाऊन स्वातंत्र्य मागता आलं असतं, तिचा भाऊ जेम्स पण तिथेच होता, जेफरसनने त्याला फ्रेंच स्वयंपाक शिकायला नेलेलं. मॅडिसनच्या सांगण्याप्रमाणे ती परत यायला तयार नव्हती. मग जेफरसनने कबूल केलं की तुला खास सवलती देईन आणि तुझी मुलं २१ वर्षांची झाली की त्यांना मोकळं करीन. त्या शब्दावर ती आली. सोळा वर्षांची मुलगी, पोटात पोर, परका देश, आणि ती समोरच्याशी अटी ठरवतेय. माझं मन इथे दर वेळी थांबतं.

बरेच लोक याला अफेअर म्हणतात, प्रेमकहाणी म्हणणारेही आहेत. माझ्याच्याने तो शब्द उच्चारवत नाही. जिला नाही म्हणायचा हक्क कायद्यानेच नव्हता तिच्या होकाराला होकार म्हणायचं कसं? तिच्या मनात काय होतं ते कोणाला माहीत नाही, पण सत्ता कोणाच्या हातात होती ते लख्ख माहीत आहे.

(दृश्य: जुनं वर्तमानपत्र, सप्टेंबर १८०२)

आरोप काही आजकालचा नाही. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असतानाच, सप्टेंबर १८०२ मध्ये, रिचमंडच्या एका पेपरात जेम्स कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने सॅलीचं नाव घेऊन हे छापलं. आता हा कॅलेंडर काही सज्जन माणूस नव्हता. आधी तो जेफरसनकडूनच पैसे घेऊन विरोधकांवर चिखल उडवायचा, मग पोस्टमास्तरची नोकरी मागितली, ती मिळाली नाही म्हणून उलटला. सॅलीबद्दल त्याने जे लिहिलंय ते वाचवत नाही इतकं घाण आहे. तिच्यावर अन्याय झाला म्हणून तो बोलत नव्हताच, जेफरसनला खाली खेचायला त्याने तिचा वापर केला. आणि यामुळे जेफरसनच्या भक्तांचं फावलं, आरोप करणारा सूडबुद्धीचा आहे ना, मग आरोप खोटा, विषय संपला. सूडाने केलेला आरोप खराही असू शकतो इतकी साधी गोष्ट पुढची दोनशे वर्षं मोठमोठ्या इतिहासकारांनी ध्यानात घेतली नाही.

जेफरसनने स्वतः जाहीरपणे ना होय म्हटलं ना नाही. गप्प राहिला. त्याच्या नातवंडांनी मात्र नंतर सांगितलं की हे शक्यच नाही, सॅलीची मुलं आमच्या आजोबांसारखी दिसतात हे खरं, पण बाप दुसरा, आजोबांचे भाचे कार बंधू, त्यांच्यातला कोणीतरी. हे घरच्या प्रतिष्ठित गोऱ्या माणसांचं म्हणणं, म्हणून ते पुरावा ठरलं.

आणि मॅडिसनचं म्हणणं? ते १८७३ साली ओहायोमधल्या एका पेपरात छापून आलं, त्याच्या नावासकट. त्याच्या तीन वर्षं आधी, १८७० च्या शिरगणतीत, मोजणीला आलेल्या माणसाने त्याच्या नावाशेजारी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं की हा थॉमस जेफरसनचा मुलगा आहे. म्हणजे सगळं कागदावर होतं. पण म्हणे हे गुलामाचं सांगणं, ऐकीव, मोठ्या माणसाशी नातं जोडायची हौस. (हेच १८७३ साल आपल्याकडे महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'चं, जे त्यांनी अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या माणसांना अर्पण केलं. दोन्ही एकाच वर्षी, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.)

(दृश्य: वहीचं पान, बारीक अक्षर)

आता ही वही बघा. जेफरसन शेतीचा हिशोब ठेवायचा, माणसांची यादी पण त्यातच, नावापुढे जन्मसाल. त्याचं अक्षर सुंदर आहे, बारीक, एका रेषेत. सॅली, ७३. तिच्याखाली बेव्हर्ली, ९८. हॅरिएट, १८०१. मॅडिसन, १८०५. एस्टन, १८०८. याच माणसाने १८२० मध्ये एका पत्रात लिहिलंय की दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई मला शेतावरच्या सगळ्यात चांगल्या गड्यापेक्षा जास्त फायद्याची वाटते. हे वाक्य आणि समानतेचं वाक्य, दोन्हीचा लेखक एकच.

बेव्हर्ली आणि हॅरिएटच्या नावापुढे पुढे नोंद आहे, पळाले, सन २२. मालकाच्या वहीत पळाला असं लिहिलं की सहसा मागे माणसं जायची, पेपरात जाहिरात यायची, बक्षीस लागायचं. या दोघांच्या मागे कोणी गेलं नाही. उलट मुकादम एडमंड बेकनने म्हातारपणी सांगितलं की जेफरसनच्या सांगण्यावरून मीच हॅरिएटला फिलाडेल्फियापर्यंतचं गाडीभाडं आणि वर ५० डॉलर दिले. वहीत पळाली, आणि हातात मालकाने दिलेले पैसे. मॅडिसन आणि एस्टनला मृत्युपत्रात मोकळं केलं. सॅलीची चारही जगलेली मुलं सुटली, माँटिचेलोवर दुसऱ्या कुठल्याच आईच्या वाट्याला हे आलं नाही. पॅरिसमध्ये दिलेला शब्द असा पाळला गेला, एक शब्द न बोलता.

बाकीच्यांचं काय झालं तर जेफरसन कर्जात बुडून मेला, आणि जानेवारी १८२७ मध्ये त्याच घराच्या अंगणात १३० माणसांचा लिलाव झाला. सॅलीला त्याच्या मुलीने अनौपचारिकपणे जाऊ दिलं, ती मुलांबरोबर शार्लट्सव्हिलला राहिली आणि १८३५ मध्ये वारली.

मग शेवटी मानलं कधी? १९९७ मध्ये ॲनेट गॉर्डन-रीड या कायद्याच्या प्राध्यापिकेने एक पुस्तक लिहिलं आणि त्यात त्यांनी जेफरसन दोषी की निर्दोष यापेक्षा वेगळंच काम केलं, त्यांनी इतिहासकारांची उलटतपासणी घेतली. नातवाचं ऐकीव तुम्ही मानता, मुलाचं ऐकीव मानत नाही, का? नातवंडांच्या सांगण्यातल्या चुका माफ, मॅडिसनच्या सांगण्यातली एक चूक सापडली की तो खोटारडा, का? उत्तर कोणाकडे नव्हतं.

दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात डीएनएचे निकाल आले. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाला जातो, तसाच्या तसा म्हणा जवळपास. जेफरसनला लग्नाच्या बायकोपासून जगलेला मुलगा नव्हता, म्हणून त्याच्या चुलत्याच्या वंशातल्या पुरुषांचं रक्त घेतलं, आणि एस्टनच्या वंशातल्या पुरुषाचं. जुळलं. कार बंधूंच्या वंशजांशी जुळलं नाही. नातवंडांनी सांगितलेली गोष्ट एका दिवसात कोसळली.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं, की हा डीएनए जेफरसन घराण्यातला पुरुष एवढंच सांगतो, थॉमसच असं नाही सांगत. आणि काही अभ्यासक आजही म्हणतात की त्याचा धाकटा भाऊ रँडॉल्फ असेल. असू शकतो का, कागदावर हो. पण १९९८ च्या आधी रँडॉल्फकडे फारसं कोणी बोट दाखवलेलं नव्हतं, कार बंधू हातचे गेल्यावर तो आठवला. आणि तारखा बघा ना, जेफरसन सतत बाहेरगावी, महिनेन् महिने, तरी सॅलीला दिवस गेले ते प्रत्येक वेळी तो घरी असतानाच. माँटिचेलो चालवणाऱ्या संस्थेने २००० साली हे सगळं एकत्र तपासून सांगितलं की एस्टनचा बाप थॉमस असण्याची दाट शक्यता आहे आणि बहुधा न जगलेली धरून सॅलीच्या सहाही मुलांचा तोच. २०१८ मध्ये तर त्यांनी हा वाद आमच्यापुरता मिटला म्हणून त्या खोल्यांच्या ओळीत सॅलीचं प्रदर्शन उभं केलं. चित्र नाही म्हणून भिंतीवर फक्त सावली.

सगळ्यांनी मानलं असं नाही. टेकडीवर जेफरसनचं खासगी स्मशान आहे, त्याच्या मुलींच्या वंशजांची संघटना ते सांभाळते, त्यांनी २००२ मध्ये मतदान करून हेमिंग्ज वंशजांना सभासद करून घ्यायला नकार दिला. न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमधून २०२१ मध्ये जेफरसनचा पुतळा हलवला त्यावरही खूप भांडणं झाली. खरं सांगायचं तर पुतळ्याच्या भांडणात मला फारसा रस नाही. जाहीरनामा तसाच राहणार आहे, तो लिहिणारा पण तोच राहणार आहे, आणि गुलामीविरुद्ध लढलेल्यांनी त्याच जाहीरनाम्याचं वाक्य हातात घेऊन लढाई केली हेही खोटं नाही. मला टोचतं ते मॅडिसनचं. तो माणूस सरळ आपल्या आईबापाबद्दल बोलत होता, मोठेपणा न मिरवता, अगदी हेही सांगून की बापाने आम्हाला कधी बापाची माया दिली नाही, नातवंडांना दिली. आणि त्याचं खरं मानायला सव्वाशे वर्षं लागली, तेही रक्ताने साक्ष दिल्यावर.

(दृश्य: रिकामी खोली, विटांची जमीन)

राहिली हॅरिएट. ५० डॉलर घेऊन निघालेली, २१ वर्षांची. ती इतकी गोरी होती की तिला कोणी ओळखलं नाही. मॅडिसन सांगतो की तिने वॉशिंग्टनमध्ये एका गोऱ्या माणसाशी लग्न केलं, मुलंबाळं झाली, मॅडिसनने त्या नवऱ्याचं नाव माहीत असूनही सांगितलं नाही, बहिणीला त्रास नको म्हणून. तिचे वंशज आजपर्यंत सापडलेले नाहीत. दर वर्षी लाखो लोक माँटिचेलोचं तिकीट काढतात, वरचं घर बघतात, मग खाली येऊन या खोलीत घटकाभर उभे राहतात, आणि त्यांच्यात कोणी हॅरिएटचं असलं तरी ते त्याला स्वतःलाही माहीत नसणार.