न नेसलेल्या साड्यांचं काय करायचं?

नमस्कार! आज कपाट आवरायचं आहे, पण फक्त साड्यांचा कप्पा. ड्रेस आणि कुर्ते पुन्हा कधीतरी बघू.

वर्षभरात अंगाला लागलं नाही ते काढून टाका, हा नियम तुम्ही ऐकला असेल. टी-शर्टसाठी तो ठीक आहे. साड्यांना लावलात तर घरात पैठणी उरणार नाही, शालू उरणार नाही. या साड्या वर्षा-दोन वर्षांतून एकदा बाहेर निघतात आणि त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा असते. म्हणून साडी कितीदा नेसली हे मी मोजत नाही. मी एकच प्रश्न विचारते: ही साडी उद्या सकाळी नेसायची ठरली, तर कशामुळे अडेल?

एकेक साडी हातात घेऊन विचारून बघा. पुष्कळदा उत्तर येईल, ब्लाऊज! अंग भरलं काय, वाळलं काय, साडीला फरक पडत नाही. ब्लाऊज मात्र दंडात रुततो, हुक लागत नाही, आणि त्यापायी चांगली साडी वर्षानुवर्षं तळाशी पडून राहते.

[ब्लाऊज उलटा करून कॅमेऱ्यासमोर धरा]

हे बघा, बाजूच्या शिवणीत आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली आहे. ही शिवण उसवून ब्लाऊज सैल करून मिळतो. माया नसेल तर काखेत पट्टी घालता येते. तेही जमत नसेल तर एक काळा, एक सोनेरी आणि एक खणाचा असे तीन ब्लाऊज नीट मापाचे शिवून घ्या. त्यांवर कितीतरी साड्या चालून जातात. फॉल सुटलाय, पिको राहिलंय, त्या साड्याही याच ढिगात. आणि हा ढीग परत कपाटात ठेवू नका. पिशवीत भरा, दाराशी ठेवा, याच आठवड्यात शिंप्याकडे न्या.

आता आहेराच्या साड्या. रंग आपला नाही, पोत आवडत नाही, पण कुणाला तरी द्यायला होईल म्हणून ठेवलेल्या. अशी साडी पुढे देण्यात मला काहीही गैर वाटत नाही. फक्त कुणाकडून आली ते चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवा, म्हणजे ती त्याच घरी परत जायची नाही. मात्र घडीवर पिवळी रेघ पडली असेल तर ती आहेर म्हणून देऊ नका. ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसांचंही बोलायला हवं. ज्याचा ब्लाऊज कुणीही शिवणार नाही असा पातळ, झिरझिरीत तुकडा या हळदीकुंकवातून त्या हळदीकुंकवात फिरत राहतो. आपण तो देणं थांबवलं तरच हे फिरणं थांबेल. त्याऐवजी ओटीत वापरता येईल असा सुती खण द्या.

जुन्या जरीच्या साडीपाशी मात्र थांबा. आजीची किंवा सासूबाईंची साडी असेल, तिची जरीची तार काळी पडलेली असेल, तरी लगेच टाकाऊ ठरवू नका. चांदीसुद्धा हवेनं काळवंडते. आतल्या बाजूचा एखादा सुटलेला जरीचा धागा नखानं उलगडून बघा. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची बारीक पट्टी गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो, आणि आतला धागा बहुधा लाल असतो. आजच्या बऱ्याच जरीत तांब्याची तार असते, नाहीतर चकचकीत पॉलिस्टर. जुनी जर विकत घेणारे ती वितळवून चांदी काढतात. त्यामुळे दारावर आलेल्या कुणाच्याही हाती ही साडी घाईनं देऊ नका. आधी सराफाला दाखवा. रेशीम विरलं असेल तर काठ आणि पदर काढून ओढणीला, ब्लाऊजला लावता येतात.

जी ठेवायची ती नीट ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, म्हणून मलमलच्या किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळा. दर काही महिन्यांनी घडी मोडून नवी घाला, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. पावसाळा सरला की ऑक्टोबरात सावलीत वारा द्या. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवा. डांबरगोळ्या वापरत असाल तर त्या कपड्यांत बाळाला गुंडाळू नका. काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्या वासानं फुटतात आणि कावीळ होते. हे खरंच गंभीर आहे.

मऊ झालेल्या सुती साड्या वेगळ्या काढा, त्यांची गोधडी होते. जुनी नऊवारी असेल तर फारच छान! सिंथेटिक साडी त्यात घालू नका. ती आत सरकते आणि घाम टिपत नाही.

उरलेलं बोहारणीला द्या. देवीपूजक समाजातल्या कितीतरी बायका पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करत आल्यात. भांड्यांच्या बदल्यात नेलेले कपडे निवडून, नीट करून त्या विकतात, आणि ज्यांना नवं परवडत नाही त्यांच्या अंगावर ते जातात. तिच्याकडे देताना बोचक्यात फाटकं लपवू नका. भांड्यासाठी घासाघीस करताना तिच्या डोक्यावरचं ओझंही बघा.

संस्थेला द्यायचं असेल तर अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेली 'गूंज' आहे. गावात लोकांनी मिळून विहीर खणली, रस्ता दुरुस्त केला, की त्या श्रमाचा मोबदला म्हणून ती कपडे देते. जुन्या सुती कापडापासून मासिक पाळीसाठी पॅडही बनवते. तुम्ही कुठेही द्या, साडी धुऊन, वाळवून द्या. आणि साडी, परकर, ब्लाऊज एकत्र बांधून द्या. नुसती साडी मिळालेल्या बाईला परकर शोधत बसावं लागतं.