काकूंच्या बाजूचे दार : रोजच्या वापरातील वॅगन आर

(दृश्य : पुणे, सहकारनगर, सकाळ. सोसायटीच्या फाटकाशी उभी पांढरी गाडी. पुढचे डावे दार उघडे.)

पडद्यावर दिसणारी ही गाडी मारुती सुझुकीची वॅगन आर आहे. एक लिटर इंजिनाची, हाताने गिअर बदलण्याची आणि कारखान्यातूनच सीएनजी बसवून आलेली. ज्या घरची ती आहे, तेथे दोनच माणसे राहतात. काका एकोणसत्तर वर्षांचे आहेत आणि गाडी तेच चालवतात. काकू एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे आणि आठवड्यातून तीन दिवस त्यांना व्यायामोपचारासाठी कर्वे रस्त्याला जावे लागते. स्वस्त आणि लहान गाडी रोजच्या वापराला कशी पडते, हे पाहण्यासाठी आम्ही आठ दिवस या दोघांबरोबर फिरलो.

गाडी विकत घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न ‘किती देते?’ हा असतो. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे येईलच. पण गाडी चालू होण्याच्या आधी माणसाला तिच्यात बसावे लागते, म्हणून आमचे चित्रीकरण दारापासून सुरू होते.

(दृश्य : जवळून. काकूंचे हात, मग पाय.)

काकू गाडीकडे पाठ करून उभ्या राहतात. उजवा हात उघड्या दाराच्या कडेवर, डावा आसनाच्या पाठीवर. मग त्या मागे टेकतात. टेकतात हाच शब्द येथे योग्य आहे, कारण आसन त्यांच्या मांडीच्या उंचीला जवळ आहे आणि त्यासाठी गुडघे पूर्ण वाकवून खाली जावे लागत नाही. बसून झाल्यावर त्या हाताने साडीचा घोळ आवरतात, उजवा पाय उचलून दाराच्या उंबरठ्यावरून आत घेतात, थांबतात आणि मग डावा घेतात. मान वाकवावी लागत नाही, कारण छप्पर वर आहे.

ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना ही हालचाल दिसतही नाही. कमी उंचीच्या गाडीत माणूस आधी मान घालतो, मग कमरेतून वाकतो आणि शेवटचे काही अंतर अक्षरशः आसनावर पडतो. उतरताना हेच सारे उलट, शरीराचे वजन गुडघ्यांवर पेलून करावे लागते. वॅगन आरची उंची १६७५ मिलिमीटर आहे. याच कंपनीच्या अल्टो के-१० आणि नव्या स्विफ्ट या दोन्ही गाड्यांची उंची १५२० मिलिमीटर आहे. फरक साधारण सहा इंच भरतो, आणि त्या तेवढ्या फरकावर काकूंचे घराबाहेर पडणे अवलंबून आहे.

(दृश्य : गाडी बाजूने, स्थिर. सूर्यप्रकाशात तिची उभी, चौकोनी आकृती.)

ही उभी, डब्यासारखी आकृती पुष्कळांना देखणी वाटत नाही. ती आली जपानमधून, आणि ती आवडीनिवडीतून नव्हे तर कायद्याच्या चौकटीतून आली. जपानमध्ये ‘केई’ नावाचा लहान मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग आहे. या वर्गातील गाडीला कर आणि इतर बाबतींत सवलती मिळतात, मात्र तिचे आकारमान आणि इंजिन कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत असावे लागते. १९९० नंतरच्या नियमांप्रमाणे ही मर्यादा लांबीला ३.३ मीटर, रुंदीला १.४ मीटर आणि इंजिनाला ६६० घनसेंटीमीटर इतकी होती. उंचीला मात्र दोन मीटरपर्यंत मोकळीक होती, आणि बहुतेक लहान गाड्या ती मोकळीक वापरतच नव्हत्या.

सुझुकीने १९९३ च्या सप्टेंबरमध्ये आणलेल्या पहिल्या वॅगन आरने ती वापरली. लांबी-रुंदी वाढवता येत नसेल तर माणसाला थोडे ताठ बसवायचे, असा तो साधा विचार होता. माणूस ताठ बसला की त्याचे पाय पुढे कमी पसरतात, त्यामुळे मागच्या माणसाच्या गुडघ्यांना जागा मिळते. आणि ताठ बसवण्यासाठी आसन वर घेतले की छप्परही वर न्यावे लागते. त्या पहिल्या गाडीला चालकाच्या बाजूला एकच दार होते आणि दुसऱ्या बाजूला दोन, कारण माणसे पदपथाच्या बाजूनेच चढतात-उतरतात हे तिच्या कर्त्यांनी पाहिलेले होते. चढण्या-उतरण्याचा इतका बारकाईने विचार करून रेखलेली लहान गाडी माझ्या पाहण्यात दुसरी नाही, आणि म्हणूनच हा इतिहास एवढ्या विस्ताराने सांगावासा वाटला.

भारतात ती १९९९ च्या डिसेंबरमध्ये आली. तिच्या आदल्याच वर्षी ह्युंदाईची सँट्रो उंच बांध्याची गाडी म्हणून बाजारात उतरली होती, त्यामुळे ही आकृती लोकांना अगदी अनोळखी राहिलेली नव्हती. दुसरी पिढी २०१० मध्ये आणि आज दिसते ती तिसरी पिढी २०१९ च्या जानेवारीत आली. तिसऱ्या पिढीत गाडी रुंद झाली आणि डिकी १८० लिटरवरून ३४१ लिटरवर गेली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सर्वाधिक खपलेली मोटार हीच होती. एक लाख अठ्ठ्याण्णव हजारांहून अधिक.

(दृश्य : लक्ष्मी रस्ता, दुपार. काचेतून दिसणारी गर्दी.)

लक्ष्मी रस्त्यावरून अलका चौकाकडे जाताना कॅमेरा चालकाच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवला आहे. डावीकडून रिक्षा घुसते, उजवीकडून दुचाकी, आणि समोर हातगाडी ढकलणारा माणूस रस्ता ओलांडतो आहे. उंच बसल्यामुळे काकांना पुढच्या गाडीच्या टपावरून पलीकडचे थोडे दिसते आणि मोठ्या काचांमुळे कोपरे झाकले जात नाहीत. गाडीची लांबी ३६५५ मिलिमीटर आहे आणि वळणाची त्रिज्या ४.७ मीटर; पेठेतल्या बोळातून ती एका दमात वळते, हे आता आपण पाहतोच आहोत.

याच दृश्यात काकांच्या डाव्या पायाकडेही पाहावे. एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत जाण्यात तो क्लचवर सतरा वेळा पडला. पेट्रोलवरील वॅगन आरमध्ये क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी एजीएस ही सोय मिळते, पण सीएनजीच्या गाडीत ती मिळत नाही. इंधनाची बचत हवी असेल तर डावा गुडघा कामाला लावावा लागतो. लहान मोटारींमध्ये टाटांनी २०२४ मध्ये टियागो सीएनजीला ही सोय देऊन हे बंधन तोडले. मात्र टियागोची उंची १५३५ मिलिमीटर आहे, आणि आमच्या काकूंसाठी प्रश्न पुन्हा दारापाशी येऊन थांबतो.

(दृश्य : सीएनजी पंप. गाड्यांची रांग, नळी जोडणारा कर्मचारी.)

आता ‘किती देते?’ या प्रश्नाकडे वळू. कंपनीचा आकडा किलोमागे ३४.०५ किलोमीटर आहे. असे आकडे पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅट यांसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळांतील चाचण्यांतून प्रमाणित होतात. तेथे गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके फिरत्या रोलरांवर असतात आणि ठरवून दिलेल्या क्रमाने ती वेग घेते, थांबते, पुन्हा वेग घेते. या क्रमातील सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि वातानुकूलन बंद असते. सर्व गाड्यांची तुलना एकाच मापाने व्हावी यासाठी ही पद्धत उपयोगी आहे. एप्रिलमधल्या दुपारी एसी लावून स्वारगेटच्या चौकात उभ्या असलेल्या गाडीचा हिशेब तिच्यात येत नाही. काका पहिल्या दिवसापासून वही ठेवतात. त्या वहीत शहरातील आकडा पंचविशीच्या आसपास आहे आणि लांबच्या प्रवासात तो तिशीला टेकतो. पाणी भरले तर ६० लिटर मावेल एवढ्या टाकीत व्यवहारात आठेक किलो गॅस मावतो, म्हणजे शहरात साधारण दोनशे किलोमीटर.

पंपावर गॅस भरताना गाडीतल्या सर्वांनी खाली उतरायचे, असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. गॅस तेथे सुमारे २०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास दोनशेपट दाबाने टाकीत जातो. भरण्याच्या तोंडाचे झाकण उघडे असेपर्यंत ही गाडी सुरूच होत नाही, अशीही तजवीज तिच्यात आहे. पण पडद्यावर पाहावे : रांगेत पाऊण तास गेल्यावर काकू दार उघडतात, पाय बाहेर टाकतात, उठतात आणि खांबाला धरून उभ्या राहतात. तीन मिनिटांनी पुन्हा बसतात. स्वस्त इंधनाचा विचार करताना हे उतरणे-चढणेही हिशेबात धरले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. सिलिंडरची जलदाब चाचणी, म्हणजे आत पाण्याचा दाब देऊन केलेली मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, तिच्या खर्चाचीही नोंद काकांनी वहीत आगाऊ करून ठेवली आहे.

(दृश्य : खंबाटकी घाट, साताऱ्याच्या दिशेने चढ.)

आठव्या दिवशी आम्ही साताऱ्याला, काकूंच्या माहेरी निघालो. गाडीत चार माणसे होती. ९९८ घनसेंटीमीटरचे हे इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस (अश्वशक्तीचे एकक) शक्ती देते आणि गॅसवर ५७. याचे कारण असे की, गॅस हा वायूच असल्याने इंजिनात शिरणाऱ्या हवेची काही जागा तो स्वतः व्यापतो, आणि हवा कमी म्हणजे ज्वलन कमी. घाटात काका तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर येतात, डाव्या मार्गिकेत राहतात आणि मागून येणाऱ्यांना जाऊ देतात. तीव्र चढाला हवे असेल तर एक बटण दाबून गाडी पेट्रोलवर घेता येते. उंच बांध्याची गाडी वळणावर थोडी कलते. खिडकीवरच्या मुठीला धरलेल्या काकूंच्या हातावरून ते दिसते.

सुरक्षिततेच्या बाबतीत, मोटारी आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ मधील चाचणीत दोन एअरबॅगच्या वॅगन आरला प्रौढांसाठी पाचपैकी एक तारा मिळाला व मुलांसाठी एकही नाही, तर २०२० मध्ये जुन्या निकषांवर टियागोला प्रौढांसाठी चार मिळाले होते. २०२५ पासून वॅगन आरमध्ये सहा एअरबॅग सर्व प्रकारांत देण्यात येतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० घनसेंटीमीटरपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी मोटारींवरील जीएसटी उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने या गाडीसाठी दाराकडे वळणारे पुढचे आसन वेगळी जोडणी म्हणून उपलब्ध केले. बसणारा माणूस बाहेर तोंड करून बसतो आणि आसनच त्याला आत वळवते. काकूंनी त्याची चित्रफीत आमच्या फोनवर दोनदा पाहिली.

(दृश्य : सातारा. जुन्या घरासमोरचे अंगण. डिकी उघडते.)

काकांनी डिकी उघडली आहे. सिलिंडरने बहुतेक जागा घेतली आहे. उरलेल्या फटीत दोन पिशव्या आणि पाण्याची बाटली आहे. घडीचा वॉकर तेथे मावत नाही, म्हणून तो पुण्याहूनच मागच्या आसनावर, आम्हा दोघांच्या मध्ये उभा ठेवून आणला आहे. काका मागचे दार उघडून तो बाहेर काढतात, उलगडतात आणि पुढच्या दारापाशी नेऊन ठेवतात. काकू आधी त्यावर हात टेकवून तो हलत नाही ना ते पाहतात आणि मग डावा पाय अंगणात टेकवतात.