ज्यानं केलं त्यानंच भरावं

नमस्कार श्रोतेहो.

खानापूर-हल्याळ भागात बसमध्ये सिद्दी माणूस चढला की कुणीतरी विचारतोच, "कुठल्या देशाचा रे तू?" उत्तर येतं कोकणीत, नाहीतर आपल्यासारख्याच कन्नडमिश्रित मराठीत. पोर्तुगिजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांचे हे वंशज. जाच सोसेना तेव्हा कित्येक जण पळून घाटातल्या रानात शिरले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आपल्या बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींसाठी २०२० साल उजाडावं लागलं.

कट्ट्यावर हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, रंगावरून यांना कुणी वर येऊच दिलं नाही. दुसरा म्हणतो, सवलती मिळाल्या ना, आता त्यांनीच शिकायला नको का? आवाज चढतात आणि चहा संपतो. पण दोघांनाही मनापासून पटणारी एक गोष्ट आहे: ज्यानं केलं त्यानंच भरावं.

जानेवारी २०१६ मध्ये बेंगळुरूत एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीच्या धडकेत एक बाई दगावली. थोड्या वेळानं टांझानियाची एक विद्यार्थिनी मित्रांबरोबर तिथं आली. जमावानं तिला मारलं, मोटार पेटवून दिली. त्या अपघाताशी तिचा संबंध काय होता? फक्त कातडीचा रंग. "ज्याची त्याची जबाबदारी" असं ठासून सांगणाऱ्या माणसाला तर याची सगळ्यांत जास्त चीड यायला हवी. म्हणून त्याला वादात हरवायला जाऊ नका. हा प्रसंग सांगा आणि त्यालाच विचारा.

आपल्या सीमाभागात हे समजायला जड जाऊ नये. कुणीतरी कुठल्या तरी बसला काळं फासतो आणि बोलणी खातो भलताच कंडक्टर.

आता शिक्षणाचं. सिद्दी पोरांनी शिकावं, हे शंभर टक्के खरं. पण वर्गात कुरळ्या केसांवरून पोरं चिडवतात आणि मास्तर हसून सोडून देतात, तेव्हा मास्तरांच्या जबाबदारीचं काय? चिडवणाऱ्या पोराच्या आईबापांच्या जबाबदारीचं काय? जबाबदारी मोजायचीच तर सगळ्यांची मोजू या. इथं दुसऱ्या बाजूच्या मित्रालाही सांगावंसं वाटतं: "समाजच तसा आहे" एवढं म्हणून आपली सुटका होत नाही. समाज म्हणजे बाकावर शेजारी बसलेले तुम्ही-आम्हीच की.

लग्नसराई आली आहे. मुलाच्या स्थळाच्या चिठ्ठीत "मुलगी गोरी हवी" असं लिहायचं की नाही, हे सरकार ठरवत नाही. ती चिठ्ठी घरातच लिहिली जाते, तुमच्या-माझ्या हातानं.

नमस्कार.