पकड : ७०० घोड्यांच्या मस्टँगला टायर निवडताना

(मंदगती. मागचं डावं चाक, पडदाभर.)

हे चाक नीट बघा. हिरवा दिवा लागलाय. गाडी अजून जागेवरच आहे, आणि टायरच्या भिंतीवर, खालच्या अंगाला, सुरकुत्या पडल्यात. रिम फिरायला लागली, पण रबर रस्त्याला धरून बसलंय. पुढच्याच क्षणी गाडीचं नाक वर येतं, मागची बाजू खाली दबते आणि पावणेदोन टनांची मस्टँग सुटते. धूर नाही, किंचाळी नाही. इथे धूर दिसला असता तर ही धाव तिथेच वाया गेली असती.

हे मिशिगन राज्यातलं मार्टिन गाव, आणि ही यूएस-१३१ मोटरस्पोर्ट्स पार्कची ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ शर्यतीची धावपट्टी. लांबी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. गाडी २०१३ सालची फोर्ड मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-८ कोयोटी इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हा ४२० अश्वशक्तीचं होतं. आता त्यावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, बसलाय आणि आकडा ७०० च्या घरात गेलाय. मालक मूळचा चिंचवडचा, इकडे डेट्रॉइटजवळ गाड्यांच्याच धंद्यात अभियंता.

आणि ही गाडी ट्रेलरवर चढून आलेली नाही. डेट्रॉइटच्या बाजूने इथवर ती स्वतःच्या चाकांवर, इतर रहदारीसोबत, सिग्नलला थांबत आली. परत जायचंय तेही तसंच. ही संपूर्ण फिल्म त्या एका अटीबद्दल आहे. जी गाडी चालवत आणता येत नाही तिला आम्ही रस्त्यावरची गाडी म्हणत नाही.

(वुडवर्ड अव्हेन्यू, संध्याकाळ. जुन्या गाड्यांची रांग.)

डेट्रॉइटमधून निघून पाँटिअ‍ॅककडे जाणारा हा वुडवर्ड अव्हेन्यू. १९६० च्या दशकात इथे एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या, आणि मोटारकंपन्यांचे इंजिनिअरही आपापल्या गाड्या घेऊन उतरायचे. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये इथे ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, भरते. गाड्या दाखवायची जागा ही. पळवायची जागा मार्टिनसारखी स्ट्रिप, जिथे कडेला भिंत आहे, रुग्णवाहिका उभी आहे आणि समोरून कोणी येत नाही.

(गॅरेज. जमिनीवर तीन टायर.)

आता मुद्द्यावर येऊ. डावीकडचा गुळगुळीत टायर म्हणजे बायस-प्लाय स्लिक. मधला ड्रॅग रेडियल, शर्यतीच्या मऊ रबराचा पण रस्त्यावरही चालणारा. उजवीकडचा नेहमीचा उन्हाळी टायर, ज्यावर ही गाडी आधी धावायची. तिन्ही काळे, तिन्ही गोल. फरक पोटात आहे.

हा कापलेला तुकडा बघा. बायस टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकावर एक फुली मारत जातात. त्यामुळे भिंत मऊ राहते, जोराचा झटका बसला की चुरगळते आणि तो झटका पोटात घेते. वेग वाढला की हाच टायर फुगतो, उंच होतो. रेडियलमध्ये दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वर, रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, पट्ट्याची घट्ट गुंडाळी असते. तो पट्टा टायरला फुगू देत नाही. गाडी शेवटच्या शंभर मीटरमध्ये सरळ राहते, डुलत नाही, आणि टायर लोळवायला इंजिनची ताकदही कमी खर्च होते.

मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं. ड्रॅग शर्यतवाले मात्र कित्येक दशकं बायसलाच चिकटून राहिले. त्यात शर्यतपटू मिकी थॉम्पसनही होता. १९६० मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर त्याने ताशी ४०६ मैलांचा वेग गाठला आणि १९६३ मध्ये स्वतःची टायर कंपनी काढली. ड्रॅग रेडियल हा प्रकार खऱ्या अर्थाने बाजारात रुजला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, बीएफगुडरिचने रस्त्यावर चालवायला परवानगी असलेला असा टायर आणल्यावर. आज अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या स्ट्रिपवर रेडियलवाल्या गाड्या, मागे ३१५ मिलिमीटर रुंदीचे टायर लावून, अर्धं अंतर म्हणजे एक अष्टमांश मैल चार सेकंदांच्या आत कापतात. रेडियल ही तडजोड आहे असं अजूनही कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा तिथे जाऊन उभं राहावं.

(शेजारच्या लेनमध्ये डॉज डीमन.)

शेजारच्या लेनमध्ये उभी आहे ती डॉज चॅलेंजर डीमन, २०१८ ची. कारखान्यातूनच ड्रॅग रेडियल लावून आलेली गाडी. टायर निट्टो कंपनीचे एनटी०५आर, चारही चाकांना ३१५/४० आर १८ : रुंदी ३१५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची. पुढे २०२३ मध्ये तिची थोरली बहीण आली, डीमन १७०, ई८५ या इथेनॉल-मिश्रित इंधनावर १,०२५ अश्वशक्तीची. तिच्या मागच्या चाकांना मिकी थॉम्पसन कंपनीचे ईटी स्ट्रीट आर हे ड्रॅग रेडियल लावले, आणि रिम मुद्दाम लहान घेतली, १७ इंची, म्हणजे टायरची भिंत उंच मिळते. हजार घोड्यांची गाडी विकणाऱ्या कंपनीने रिमचा आकार कमी केला, ही गोष्ट शोरूममध्ये वीस इंची रिम बघून हरखणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. भिंत उंच असली की टायरला दबायला जागा मिळते.

(फळ्यावर आकडेमोड.)

आमच्या मस्टँगसाठीही प्रश्न तिथूनच सुरू झाला. सगळ्यात सोपी वाट १५ इंची रिमची. २७५/६० आर १५ हा टायर या खेळातला जुना, खात्रीचा माप. पण या मस्टँगचे मागचे ब्रेक १५ इंची रिमच्या आत बसत नाहीत, ते बदलावे लागतात. रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीचे ब्रेक शर्यतीसाठी बदलायला मालक तयार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. म्हणून १७ इंची, १० इंच रुंदीची रिम, आणि माप ३०५/४५ आर १७.

या मापाची उंची २७.८ इंच भरते. आधीचा ३०५/३५ आर १८ टायर २६.४ इंचांचा होता. दीड इंचाने काय होतं, ते फळ्यावर आहे. ताशी मैल गुणिले गिअरचं प्रमाण, गुणिले मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना जोर देणाऱ्या शेवटच्या गिअरचं) प्रमाण ३.५५, गुणिले ३३६ (मैल, इंच, मिनिटं जुळवणारा ठरलेला आकडा), आणि त्याला टायरच्या उंचीने भागायचं; उत्तर म्हणजे इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या. सहा गिअरचा ऑटोमॅटिक, चौथ्याचं प्रमाण १.१४. शेवटच्या रेषेवर वेग १३२ मैल धरला तर २६.४ इंचांवर इंजिन ६,८०० फेऱ्यांना जातं. या इंजिनची लाल रेघ, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, ७,००० ला. म्हणजे गाडी रेषा ओलांडताना श्वास कोंडतो. २७.८ इंचांवर तोच वेग साधारण ६,४५० फेऱ्यांत मिळतो. पुढे अजून वेग वाढला तरी वर जागा उरते. उंच टायर म्हणजे सुटताना जोर थोडा कमी, हे खरं. पण सुपरचार्जरवाल्या गाडीला सुटताना जोराची टंचाई कधीच नसते, तिला पकडीची टंचाई असते.

आता बायस का नाही? मॅन्युअल गिअरची गाडी असती, क्लच एकदम सोडून सुटायचं असतं, तर आम्ही बायसचाच विचार केला असता, कारण तो झटका मऊ भिंत पोटात घेते. ऑटोमॅटिकमध्ये जोर टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे क्लचच्या जागी असलेल्या तेलाच्या जोडणीतून, येतो, तो संगणकावरून हळूहळू चढवता येतो. रेडियलला हेच हवं असतं. बायस किंचित घसरला तरी पुन्हा पकड घेतो. रेडियलची पकड एकदा सुटली की सुटलीच, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलल्याशिवाय परत धरत नाही. शिवाय पुढे रेडियल आणि मागे बायस अशी जोडी लावून हायवेवर गाडी अस्वस्थ होते. दोन्ही अ‍ॅक्सलना एकच जात हवी, आणि चालवत जायचं असेल तर ती जात रेडियल.

मग राहिली शेवटची निवड. ईटी स्ट्रीट आर की ईटी स्ट्रीट एस/एस? आर च्या पृष्ठभागावर नावापुरत्या खाचा, जवळजवळ स्लिकच. एस/एस ला जास्त खाचा, रस्त्यावर जास्त शहाणा. फक्त सेकंदांकडे बघणारा आर घेईल. आम्ही एस/एस घेतला. मिशिगनमध्ये उन्हाळ्यातसुद्धा आभाळ विचारून येत नाही.

(वायपर चालू. हायवे, समोर ट्रकचा फवारा.)

आणि आलंच. या रबराने पाण्यात वेग ठेवला तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंगला अर्थ उरत नाही. म्हणून उजवी लेन, कमी वेग.

(स्ट्रिप. ऊन. पाण्याचं डबकं.)

दुपारी धावपट्टी कोरडी झाली. रस्त्यावर ३० पीएसआयवर असलेली मागची हवा आता सोडायची. चाकं गार असतानाच मोजायची, कारण गरम टायर खोटा आकडा दाखवतो. गेजवर वाकलेला पोरगा मालकाचा मावसभाऊ, ग्रँड रॅपिड्सला शिकतोय.

(मूळ आवाज) "दादा, अठरावर आलंय. अजून सोडू?"
"सोळा कर. उजवं आणि डावं एकच पाहिजे हं, अर्ध्याचाही फरक नको."
"बायसवाले काका तर दहा म्हणत होते."
"त्यांचं त्यांना. रेडियलला दहावर आणलं तर मधला भाग जमीन सोडेल."

हवा जास्त असली तर टायर मधोमधच टेकतो, कडा कोऱ्या राहतात. फार कमी असली तर कडा टेकतात आणि मधला भाग उचलला जातो. धाव झाल्यावर टायरकडे बघूनच हे कळतं : घासल्याचा रंग काठापासून काठापर्यंत सारखा हवा.

आता ही पांढरी रेघ. बूटपॉलिशने रिमपासून टायरवर ओढलेली, सरळ. धाव संपल्यावर रेघ तुटलेली दिसली तर रिम टायरच्या आतल्या आत फिरली. तसं होऊ लागलं तर रिमच्या काठातून स्क्रू मारून टायर धरावा लागतो. इथे बघा, पहिल्या धावेनंतर : रेघ सरळ. कॅमेऱ्याने जवळ जाऊन दाखवलंय, खाली काही लपवलेलं नाही.

बर्नआउट म्हणजे ओल्या जागी मागची चाकं जागच्या जागी फिरवून टायर तापवणं; त्याच्या आधीचा हा क्षण बारकाईने बघण्यासारखा आहे. स्लिकवाल्या गाड्या पाण्यातून सरळ जातात. आमची गाडी पाण्याला वळसा घालून पुढे येते आणि मागे सरकून फक्त ओल्या काठावर चाकं टेकवते. टायरच्या खाचांमध्ये पाणी भरलं तर ते सुटण्याच्या रेषेपर्यंत सोबत येतं आणि नेमकं तिथेच ठिबकतं. मग थोडं फिरवायचं, पांढरा धुराचा पहिला लोट आला की बास. रेडियलला भाजून काढायचं नसतं, पुसून घ्यायचं असतं. लोकांना टाळ्या वाजवायला लांब बर्नआउट आवडतो, पण त्यात टायरचं आयुष्य जातं आणि पकड वाढत नाही.

रेषेवर ट्रॅकवाल्यांनी चिकट द्रव्य फवारलंय, त्यावर दिवसभराच्या रबराचा थर बसलाय. बूट घालून चाललात तर तळवा उचलताना चट् असा आवाज येतो, तो ऐकू येतोय ना? हाच टायर साध्या डांबरावर असा धरणार नाही. ड्रॅग रेडियलची जी कीर्ती आहे त्यातली निम्मी या थराची आहे, हे दुकानदार सांगत नाहीत.

(निकालाची चिठ्ठी, हातात.)

वरून दुसरा आकडा वाचा. पहिल्या साठ फुटांना १.५१ सेकंद. जुन्या उन्हाळी टायरवर हाच आकडा दोनच्या वर होता. इंजिन तेच, इंधन तेच, चालवणारा तोच. खाली, पूर्ण पाव मैलाला १०.४ सेकंद, शेवटचा वेग १३२ मैल. आणखी ५० अश्वशक्तीचे सुटे भाग मागवायचा बेत होता, त्याच्या कितीतरी कमी पैशांत हे टायर आले. ज्यांना गाडी जोरदार करायची आहे त्यांना आमचं आग्रहाचं सांगणं : पहिला खर्च टायरवर करा, घोडे नंतर आणा.

यांचं रबर मऊ, त्यामुळे रोजच्या वापरात ते साध्या टायरपेक्षा खूप आधी संपणार, आणि थंडी गोठणबिंदूखाली गेली की काढून उबदार खोलीत ठेवावे लागणार.

संध्याकाळी डिकीतल्या छोट्या कंप्रेसरने हवा परत ३० वर घेतली. मावसभावाने चारही चाकांचे नट पान्याने तपासले. दहा सेकंदांच्या आत गेलात किंवा वेग १३५ च्या पुढे गेला, तर एनएचआरए, म्हणजे अमेरिकेतली ड्रॅग शर्यतींची संघटना, गाडीत चालकाभोवती संरक्षक नळ्यांचा पिंजरा आणि शर्यतीचा परवाना मागते, आणि आमची गाडी त्या रेषेपासून लांब नाही. पिंजरा बसवला की मागची सीट जाते. मालकाची मुलगी त्या सीटवर बसून शाळेत जाते. त्यामुळे पुढच्या मोसमातही सुपरचार्जरची पुली बदलायची नाही, बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवायचा नाही. सस्पेन्शनचे मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायचे आणि याच टायरवर साठ फुटांचा आकडा १.५ च्या खाली आणायचा, एवढंच ठरलंय.