मनगटावरचं आवाळू

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे, त्यानं कुणाचा जीव जात नाही. पुष्कळदा तर ते दुखतही नाही. तरी ठाण्यात पाचपाखाडीतल्या माझ्या दवाखान्यात ते दाखवायला येणारी माणसं बऱ्यापैकी घाबरलेली असतात. मनगटाच्या मागच्या बाजूला, हात खाली वाकवला की टचकन वर येणारी गोल, घट्ट गाठ. जुन्या बायका तिला आवाळू म्हणतात, आम्ही डॉक्टर गँगलिऑन म्हणतो, आणि लोकलमध्ये शेजारी बसलेली बाई "अगं, नस चढलीय" म्हणून मोकळी होते.

घाबरण्याचं कारण एकच असतं. ते मोठ्यानं विचारायचं धाडस होत नाही. सासूबाईंना बाहेर बाकावर बसवून सून हळूच विचारते, "मॅडम, ही तसली गाठ नाही ना?" तसली नाही. गँगलिऑन हा कॅन्सर नव्हे, आणि पुढे जाऊन त्याचा कॅन्सर होतही नाही. हात आणि मनगट मिळून जेवढ्या गाठी येतात, त्यांत सगळ्यांत जास्त आढळणारी हीच. २० ते ४० या वयात ती जास्त दिसते आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये साधारण तिप्पट.

मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली आहेत. त्यांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध आहेत, भोवती आवरण आहे, आणि आत घर्षण होऊ नये म्हणून थोडा बुळबुळीत द्रव आहे. मागच्या बाजूला यातल्या दोन हाडांना जोडणारा एक अस्थिबंध असतो, तिथून बहुतेक गाठी उगवतात. शंभरातल्या साठ-सत्तर तिथल्याच. तिथल्या आवरणाला बारीक फुगवटा येतो, त्यात द्रव शिरतो आणि परत फिरायला त्याला वाट मिळत नाही, असं समजलं जातं. आत अडकलेला हा द्रव दाट होत जातो. सुईनं काढला तर केसांना लावायच्या जेलसारखा दिसतो, पारदर्शक, कधी किंचित पिवळसर. आपल्याला दिसतो तो वरचा गोळा. पण खाली सांध्यापर्यंत त्याचा एक देठ गेलेला असतो. हा देठ ध्यानात ठेवा, कारण उपचारांची सगळी भानगड तिथेच आहे.

उरलेल्या गाठी इकडेतिकडे. काही मनगटाच्या पुढच्या बाजूला, अंगठ्याखाली, जिथे आपण नाडी बघतो नेमक्या तिथे. काही बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला, खड्यासारख्या टणक. बसमध्ये दांडा धरला की त्या टोचतात. आणि वय झालेल्या, सांधे झिजलेल्या बायकांना नखाच्या जरा मागे एक छोटा फोडासारखा उंचवटा येतो, तोही याच कुळातला. तो टाचणीनं फोडू नका. खाली थेट बोटाचा सांधा असतो, जंतू आत गेले की बोट महागात पडतं.

आता पुढचा प्रश्न हमखास येतो, "पण मला का झालं?" ऐरोली, घणसोली, महापे इथल्या कंपन्यांतली मुलं-मुली कीबोर्डला दोष देतात. स्वयंपाकघरातल्या बायका पोळ्यांना देतात. नेमकं कारण वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. सांध्याला वारंवार बसणारे बारीक ताण हे एक कारण मानतात, आणि तळहातावर सगळं अंग पेलणाऱ्या जिम्नॅस्टमध्ये ही गाठ जास्त दिसते. पण आयुष्यभर टायपिंग केलेल्या असंख्य लोकांना ती होत नाही आणि ज्यांनी कीबोर्डला बोटही लावलं नाही त्यांना होते. त्यामुळे "तू मोबाइल फार बघतेस म्हणून" असं आईनं लेकीला सुनावण्यात अर्थ नाही. मोबाइलवरून ओरडायला इतर कारणं भरपूर आहेत.

या गाठीचा एक स्वभाव आहे. ती कमीजास्त होते. हात खूप वापरला की फुगते, विश्रांती मिळाली की बसते. दिवाळीच्या फराळानंतर दाखवायला आलेली बाई महिन्याभरानं येते तेव्हा गाठ जेमतेम लागते. हे उलट चांगलं लक्षण आहे. मांसाच्या भरीव गाठी अशा चढउतार करत नाहीत.

दुसरी खूण तुम्ही घरीसुद्धा बघू शकता. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च गाठीला एका बाजूनं टेकवा. आत द्रव असेल तर गाठ लालसर उजळते. भरीव असेल तर काळोखीच राहते. पण एवढ्यावर निदान करून बसू नका, एकदा डॉक्टरांचा हात लागू द्या. कारण मनगटावरची प्रत्येक गाठ गँगलिऑन नसते. मागच्या बाजूला, जरा बोटांकडे, हाडाचाच एक उंचवटा काहींना असतो. तो दगडासारखा लागतो आणि हलत नाही. संधिवातात स्नायूबंधांचं, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांचं, आवरण सुजतं. आणि आपल्या देशात एक गोष्ट कधीच विसरायची नाही, ती म्हणजे क्षयरोग. टीबी फक्त छातीचा नसतो. तो स्नायूबंधांच्या आवरणातही होतो. मग तळहात आणि मनगट दोन्हीकडे मऊ सूज येते आणि एका बाजूला दाबलं की दुसऱ्या बाजूला फुगते. आत तांदळाच्या दाण्यांसारखे कण असतात. त्याला टीबीचीच महिनोन्‌महिने चालणारी औषधं लागतात. तेव्हा गाठ झपाट्यानं वाढतेय, लाल-गरम झालीय, ताप येतोय, बोटांना मुंग्या येतायत, पकड सुटतेय किंवा रात्री ठणका झोपू देत नाही, यांतलं काहीही असेल तर थांबू नका. शंका असली की सोनोग्राफी करतात. ती साधी, बिनत्रासाची तपासणी आहे. एमआरआयची गरज क्वचितच पडते.

ती क्वचित वेळ कोणती, तेही सांगते. उपवन तलावावर सकाळी सूर्यनमस्कार घालणारे किंवा जिममध्ये दंड मारणारे काही जण येतात. गाठ कुठेच दिसत नाही, पण तळहात जमिनीवर टेकवून जोर दिला की मनगटाच्या मागे कळ येते. यांच्यातल्या काहींना आत खोल, काही मिलिमीटरचं गँगलिऑन असतं. गंमत अशी की मोठी, दिसणारी गाठ पुष्कळदा मुकी असते आणि ही लपलेली छोटी मात्र फार बोलते.

आता घरगुती उपायांकडे वळते, कारण माझा निम्मा वेळ त्यातच जातो. गाठीवर रुपयाचं नाणं ठेवून घट्ट पट्टी बांधणं. चुना आणि गूळ लावणं. अंगठ्यानं जोरात दाबून फोडणं. युरोपात तर हात टेबलावर ठेवून त्यावर जाडजूड पुस्तक आपटायचे. बहुतेक घरांत सगळ्यांत जाड पुस्तक बायबलच असायचं, म्हणून गाठीलाही त्याचंच नाव चिकटलं होतं. या माराचा परिणाम काही वेळा खरंच दिसतो, नाकारत नाही. पिशवी फुटते, द्रव आजूबाजूला पसरतो, गाठ गायब! मारणारा काका घरात वैद्य म्हणून मिरवतो. पण देठ जागच्या जागी असतो, तो पुन्हा भरतो. आणि चुकून खालचं बारीक हाड दुखावलं तर साधी गाठ राहिली बाजूला, प्लास्टर घालायची पाळी येते. चुन्यानं कातडी भाजते, ते मी पाहिलेलं आहे. आंबेहळद किंवा रक्तचंदनाचा लेप लावायचा असेल तर खुशाल लावा. त्यानं गाठ जात नाही, पण इजाही सहसा होत नाही आणि आजीचा मान राहतो.

मग खरा उपाय काय? माझं मत स्पष्ट आहे. निदान पक्कं झालं, गाठ दुखत नाही, कामाला अडत नाही, तर तिला हात लावू नका. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो. एवढी फी दिली आणि डॉक्टर म्हणतात काहीच करू नका! पण इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हातांच्या डॉक्टरांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मनगटाच्या मागच्या गाठीच्या रुग्णांना त्यांनी सरासरी सहा वर्षांच्या आसपास काळ गेल्यावर टपालानं प्रश्नावली पाठवून विचारलं. ज्यांना काहीच उपचार दिले नव्हते त्यांच्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांची गाठ आपोआप गेली होती. सुईनं पाणी काढलेल्यांपैकी ५८ टक्के लोकांची गाठ परत आली होती आणि ऑपरेशन केलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांची. दुखणं तिन्ही गटांत सारखंच कमी झालं होतं. मात्र ऑपरेशन केलेली माणसं जास्त समाधानी होती, गाठ परत आली तरीसुद्धा. माणसाचं मन असं असतं, काहीतरी केलं याचं समाधान मोठं.

परदेशातला आकडा आपल्या हाताला जसाच्या तसा लागू होईल असं नाही, आणि चांगल्या सर्जनच्या हातून गाठ परत येण्याचं प्रमाण याहून कमीही असतं. पण वाट बघणं म्हणजे आळस नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं. लहान मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. दहा वर्षांखालच्या मुलांची गाठ बहुधा आपोआप जिरते. आईबाबांनी रोज दाबून बघायचं तेवढं सोडावं.

दुखत असेल तर आधी मनगटाला आराम द्यायचा. औषधाच्या दुकानात मनगटाचा पट्टा मिळतो, तो कामाच्या वेळी काही दिवस बांधा. दिवसरात्र, महिनोन्‌महिने नको, स्नायू ढिले पडतात. मनगट मागे वाकवून त्यावर भार देणं टाळायचं. दंड किंवा सूर्यनमस्कार घालताना तळहाताऐवजी मूठ टेकवा, मनगट सरळ राहतं. जमिनीवरून उठताना हाताचा रेटा देण्याऐवजी शेजारच्या खुर्चीचा आधार घ्या. परातीत कणीक मळताना सगळा जोर मनगटावर येतो, ते काम काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. त्या दुसऱ्या कुणाला मळायचा अनुभव नसेल तर तो यानिमित्तानं येईल.

तरीही त्रास होतच असेल तर सुईनं पाणी काढतात. द्रव घट्ट असल्यामुळे सुई जाड लागते. जागा बधिर करतात, दवाखान्यातच काम होतं आणि लगेच घरी जाता येतं. आत द्रवच निघाला की निदानाची खात्रीही पटते, हा त्याचा मोठा फायदा. मात्र नाडीजवळच्या गाठीला सहजासहजी सुई लावू देऊ नका. तिला चिकटून रोहिणी, म्हणजे हाताला रक्त पुरवणारी वाहिनी, असते. ते काम सोनोग्राफीवर बघत, अनुभवी हातानंच व्हावं. काही ठिकाणी पाणी काढल्यावर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्यानं नुसत्या सुईपेक्षा जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीवर त्या जागी पांढरा डाग पडू शकतो. लग्न ठरलेल्या मुलींना तरी मी हे आवर्जून सांगते. गाठ दिसू नये म्हणून आली आणि डाग घेऊन गेली, असं नको.

ऑपरेशन हा शेवटचा मार्ग. सततचं दुखणं, कमी झालेली पकड, नसेवर दाब, किंवा गाठ कशी दिसते याचा मनावर खरोखरच ताण, ही त्याची कारणं. शेवटच्या कारणाला कुणी हसू नये. भरतनाट्यम करणाऱ्या मुलीचे हातच सगळे बघत असतात. ऑपरेशन बहुधा फक्त हात बधिर करून होतं आणि त्याच दिवशी घरी सोडतात. नुसता गोळा कापून भागत नाही. देठ आणि तो जिथून निघतो त्या आवरणाचा छोटा तुकडा काढावा लागतो. हे काम जनरल सर्जन, हाडांचे डॉक्टर किंवा प्लास्टिक सर्जन करतात. हातांच्या शस्त्रक्रियेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले सर्जन मिळाले तर उत्तम. दुर्बिणीतून करायचीही सोय मोठ्या रुग्णालयांत असते. सगळ्यांना खासगी रुग्णालय परवडेलच असं नाही. कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईकरांसाठी वाशीला महापालिकेचं रुग्णालय आहे. दोन्हीकडे गर्दी असते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि आधीची सोनोग्राफी असेल तर सोबत न्या.

ऑपरेशन ठरलंच तर सर्जनना तीन गोष्टी आधी विचारा. माझी गाठ नेमकी कुठून उगवली आहे? कातडीखालच्या बारीक नसेला धक्का लागून हाताच्या मागे बधिरपणा येण्याची शक्यता किती? आणि मनगट हलवायला कधी सुरुवात करायची? तिसरा प्रश्न लोक विसरतात. भीतीपोटी हात जपून ठेवतात आणि मनगट आखडतं. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात, पण बोटं पहिल्याच दिवसापासून हलवायची असतात. स्कूटरवर घोडबंदर रोडनं रोज जाणाऱ्यांची घाई मला ठाऊक आहे. अॅक्सिलरेटर पिळताना नेमकं तेच मनगट मागे वाकतं. घट्ट मूठ आवळता येऊन ब्रेक विनासायास दाबता येईपर्यंत, आणि सर्जन हो म्हणेपर्यंत, स्कूटर जिन्याखालीच राहू द्या. तोवर टीएमटीची बस आहे. दांडा फक्त दुसऱ्या हातानं धरा.

नमस्कार.