रेघेपलीकडची सूज

पायावर पेनाने ओढलेली ही रेघ. शेजारी वेळ लिहिली आहे. तेव्हा लाली इथवर होती. दोन तासांत ती बोटभर पुढे सरकली. रुग्ण मात्र लालीबद्दल बोलतच नाही. "दुखणं सहन होत नाही," एवढंच म्हणतो.

त्याचं हे म्हणणं खरं मानायला हवं. नेक्रोटायझिंग फॅसायटिस हा ऊती मारत जाणारा जंतुसंसर्ग आहे. तो पसरतो स्नायूंवरच्या आवरणातून, कातडीच्या खाली. वर सुरुवातीला जेमतेम लालसरपणा दिसतो, म्हणून साधा सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेचा जंतुसंसर्ग, समजून रुग्णाला घरी पाठवलं जातं. पण वेदना दिसणाऱ्या खुणेच्या मानाने फार जास्त असते आणि लालीच्या बाहेरही पाय कडक लागतो. पुढे त्वचेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात. मग जांभळट डाग, फोड आणि बधिरपणा. दुखायचं थांबलं म्हणून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. खरं तर तिथले मज्जातंतू मेलेले असतात.

मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांना धोका जास्त. तरी एखाद्या ओरखड्यातून शिरलेला स्ट्रेप्टोकोकस हा जंतू धडधाकट माणसालाही गाठतो.

रक्ततपासणी आणि सीटी स्कॅनची मदत होते. पण संशय दाट असेल, तर अहवालासाठी शस्त्रक्रिया थांबवायची नाही. छेद घेतला की उत्तर समोर येतं. निरोगी आवरण पांढरं, चकचकीत आणि घट्ट असतं. इथे ते करडं पडलेलं. रक्त येत नाही, भांडी धुतलेल्या पाण्यासारखा गढूळ द्रव येतो आणि बोट फिरवलं तरी थर सुटे होतात.

अँटिबायोटिक्स शिरेतून लगेच सुरू होतात. स्ट्रेप्टोकोकसचं विष तयार होणं रोखायला त्यांत क्लिंडामायसिनही असतं. पण मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही, तिथे औषध कुठून पोचणार? तो भाग कापूनच काढावा लागतो, रक्त येईल तिथपर्यंत. 1924 साली बीजिंगमधल्या रुग्णांबद्दल लिहिताना शल्यविशारद फ्रँक मेलनी यांनीही लवकर शस्त्रक्रिया करण्यावरच भर दिला होता.

चोवीस तासांच्या आत पुन्हा ऑपरेशन थिएटर. पट्टी सुटते. सर्जन जखमेच्या कडेला हलकेच पातं टेकवतात. लाल थेंब येतो. आज आणखी कापायचं नाही.